न बसणारा ठिपका

३ नोव्हेंबर, सोमवार

आधी माफी मागतो. ही वही माझ्या नातीने, रश्मीने, दसऱ्याला दीक्षाभूमीवरून आणून दिली होती. म्हणाली, "आबाजी, रोज चार ओळी लिहा. जे वाटते ते. कोणी वाचणार नाही." मी हो म्हणालो आणि वही पेटीत ठेवून दिली. महिना उलटून गेला. आधी पेन चालत नव्हता. मग पेन मिळाला तर काय लिहावं ते सुचेना. मी सहावी शिकलेला माणूस. अडतीस वर्षे कोतवालकी केली, तहसीलचे कागद गावात आणले, गावचे कागद तहसीलला नेले. सगळं लिहिणं दुसऱ्यांचं. आपलं म्हणून काही लिहायचं तर हात थांबतो.

उद्या ती पुण्याहून येत आहे. आल्याआल्या विचारेल, लिहिलं का? म्हणून आज बसलो आहे. दिवाळी होऊन गेली, सुट्टी नाही, काही नाही, आणि मध्येच का येते आहे? सुगतला, म्हणजे तिच्या बापाला, फोन केला. तो चंद्रपूरला नोकरीला आहे. तो म्हणाला, "येऊन राहिली तर येऊ द्या ना बाबा, कायले जीव घेता?" जीव घेत नाही. पण कारण असल्याशिवाय कोणी आठशे किलोमीटर येत नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

एकोडीच्या बसथांब्यावर दोनची बस. मी साडेबारापासून उभा होतो, लवकर आली तर म्हणून. बस तीनला आली. पोरगी वाळली आहे. डोळ्यांखाली काळं. पाठीवरची पिशवी घ्यायला गेलो तर म्हणाली, "नको आबाजी, त्यात लॅपटॉप आहे." मी काय पाडणार होतो? पण दिली नाही.

घरी माझ्या बायकोने, धुरपताने, तांदळाची भाकर आणि वांग्याची भाजी केली होती. अर्धी भाकर खाऊन उठली.

धुरपता मला आत बोलावून म्हणाली, "पोट्टीचं काहीतरी बिनसलं."

मी म्हणालो, "कोणी पोरगा असन."

"तुमाले सगळीकडे पोरगाच दिसते. तिले विचारा ना सरळ."

"मी कसा विचारू? तू विचार."

"मले काहून? वही तुमाले देल्ली तिनं, मले नाई."

कोणीच विचारलं नाही. बीपीची गोळी घेतली की नाही ते आठवत नव्हतं म्हणून आणखी एक घेतली. आता त्याची काळजी.

५ नोव्हेंबर, बुधवार

गोळीने काही झालं नाही.

आज तिचं काम काय आहे ते समजून घेतलं. चार वर्षे झाली, लोकांना मी 'रश्मी ताऱ्यांचा अभ्यास करते' एवढंच सांगत आलो. पुढचं कोणी विचारलं नाही म्हणून निभलं. आज धुरपता ओट्यावर तांदूळ निवडत होती, रश्मी बाजूला बसली होती, तेव्हा मीच म्हणालो, "दाखव तरी काय करत असते ते."

तिने लॅपटॉप उघडला. काळ्या पडद्यावर हिरवट गोल, मधोमध बारीक पांढरा ठिपका. पाण्यावर तेल पसरावं तसा.

"हा तारा म्हातारा झाला आबाजी. सूर्यासारखाच होता. शेवटी शेवटी अंगावरचे थर बाहेर सोडून देते. आत उरते ते लहानसं, पण लय गरम. त्या गरमीनं बाहेरचा वायू असा चमकते."

"मरून राहिला म्हणजे?"

"मरूनच राहिला. पण हे चमकणं लवकर आटोपते. वीसेक हजार वर्षांत."

धुरपता सुपातून मान वर न करता म्हणाली, "आमच्या राशनकार्डापेक्षा लवकरच झालं मंग."

पोरगी हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

याला ग्रहीय तेजोमेघ म्हणतात. मी विचारलं, यात ग्रह कुठे आहे? तर ग्रह नाहीच. जुन्या काळच्या दुर्बिणीतून हे गोल, ग्रहासारखं दिसे, म्हणून नाव पडलं. पुढे चूक कळली, पण नाव तेच राहिलं. हे मला लगेच पटलं. सातबाऱ्यावर मेलेल्या माणसांची नावं मी किती वर्षे पाहिली आहेत.

मग तिने दुसरं चित्र दाखवलं. ती एक आकाशगंगा आहे, म्हणजे ताऱ्यांचं गाव. पण इतकी दूर की एकएक तारा वेगळा दिसत नाही, नुसता धुकट उजेड. त्या गावातले हे मरणारे तारे मात्र वेगळे काढता येतात. कारण त्यांचा उजेड बहुतेक एकाच हिरव्या रंगात जमा झालेला असतो. दुर्बिणीला अशी काच लावायची की तेवढाच हिरवा आत येईल. बाकी सगळं गाव अंधारतं आणि हेच तेवढे ठिपक्यांसारखे टिमटिमतात. त्यांतले जे सगळ्यांत तेजस्वी, ते कोणत्याही आकाशगंगेत जवळजवळ सारख्याच तेजाचे असतात, त्यापेक्षा जास्त जात नाहीत. म्हणून ते किती मंद दिसतात यावरून ती आकाशगंगा किती दूर, ते काढतात. शिवाय त्यांच्या उजेडात कोणता वायू किती आहे ते समजतं, म्हणजे ताऱ्याने मरताना काय काय परत दिलं त्याचा पत्ता लागतो.

"आणि तू काय काढून राहिली?"

"मी वजन काढते. आकाशगंगेचं."

मला वाटलं थट्टा करते आहे. पण नाही. ठिपका आपल्याकडे येत असला तर त्याचा हिरवा रंग जरासा निळ्याकडे सरकतो, दूर जात असला तर लालकडे. त्यावरून वेग कळतो.

ती म्हणाली, "तुम्ही सांगत होते ना, खळ्यात बैल मेढीभोवती फिरते. बैल जोरात पळूनही बाहेर फेकल्या जात नाही, म्हणजे दोर मजबूत. तसंच. ठिपका किती जोरात फिरते त्यावरून त्याले धरून ठेवणारं वजन समजते."

आणि गंमत अशी की ते वजन दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनापेक्षा जास्तच भरतं. न दिसणारं काहीतरी तिथे आहे. काय ते अजून कोणालाच माहीत नाही.

तिच्याकडे असे एकाहत्तर ठिपके आहेत. अब्जावधी तारे आणि एकाहत्तर ठिपके! मी म्हणालो, एवढ्यावरून सगळ्या गावाचं कसं समजेल? ती म्हणाली, "तुम्ही कसे एका बांधीतल्या तुकड्यावरून गावाचं पीक सांगत होते?"

खरं आहे. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पीक कापणी करायला साहेब येत, तेव्हा खुंट्या ठोकायला मीच असे. चिठ्ठीतल्या आकड्याप्रमाणे कोपऱ्यापासून पावलं मोजायची, जिथे पाऊल थांबेल तिथे खुंटी, दोरी बांधून तुकडा आखायचा, तेवढाच कापून झोडून तोलायचा. तशा पाचसहा तुकड्यांवरून गावाचा अंदाज. नातीला आजोबाचं काम आठवलं, मला फार बरं वाटलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज पोटातली गोष्ट बाहेर आली. पोरगा वगैरे काही नाही. मी उगाच दोन दिवस झोपलो नाही.

सकाळी तलावाच्या पाळीवर फिरायला गेलो होतो. तिने अचानक विचारलं, "आबाजी, एक ठिपका बसत नसला तर काय करायचं?"

आकाशगंगेच्या अगदी कडेला तिच्याकडे पाचच ठिपके आहेत. त्यांतला एक भलत्याच वेगात आहे. तो धरला तर वजन जवळजवळ दुप्पट होतं. सोडला तर आलेखाची रेघ सुरेख जाते आणि तिच्या सरांनी पूर्वी जे छापलं आहे त्याच्याशी जुळते. सर म्हणतात, तो त्या आकाशगंगेतला नाही, मागच्या दुसऱ्याच कशाचा तरी असेल, काढून टाक. तो दुसऱ्याचा आहे याचा पुरावा मात्र नाही. पंधरा तारखेला, शनिवारी, लेख पाठवायचा आहे. पुढची परदेशातली जागा त्याच लेखावर आहे.

मला वाटलं, एवढंच! मी म्हणालो, "मंग काढून टाक ना. एकाहत्तरातला एक. पाव्हण्याच्या ताटात किडकं वांगं कोन वाढते?"

ती म्हणाली, "तुम्ही पीक कापणीले जायचे तेव्हा काय करायचे? खुंटी खराब जागी पडली तर?"

"गावाची लाज राखायची. कोतवाल कायले असते?"

ती पाण्याकडे पाहू लागली. पाण्यात शिंगाड्याचे वेल होते, त्यात काही पाहण्यासारखं नव्हतं. मग म्हणाली, "सगळे तसंच करतात म्हणा."

"मंग!"

घरी येऊन तिने दोन भाकरी खाल्ल्या. मी धुरपताला म्हणालो, पाहिलं, सहावी शिकलेला माणूस पीएचडीच्या कामी आला. ती म्हणाली, "जेवली, पण बोलली नाई."

बायकांना समाधान म्हणून नसतं.

एक जुनं साल मला पाळीवर आठवलं होतं. ते तिला सांगितलं नाही. त्याचा इथे संबंध नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

रश्मी गेली. पुढच्या शनिवारपर्यंत फोन बंद ठेवणार आहे, काम आहे म्हणून. लेख गेला की करते म्हणाली. जाताना पाया पडली, आणि वर पाहिलं नाही. बस हलल्यावर मी हात केला, तिने केला की नाही काचेमुळे दिसलं नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहितो, नाहीतर माझंच मन उद्या ते बदलून टाकेल.

पुंडलिकरावांच्या बांधीत पीक कापणी होती. कृषी सहायक साधनाबाई आल्या होत्या, पंचविशीतली पोरगी, पायात गमबूट, हातात मोबाइल. आता चिठ्ठी नाही, आकडा मोबाइलवर येतो. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण सवयीने गेलो. दहाबारा लोक धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे होते. नत्थू पण होता. नत्थू माझा लहानपणचा जोडीदार, एका पाटीवर शिकलो, एकाच वर्षी शाळा सोडली.

बाईंनी कोपऱ्यापासून पावलं मोजली. पाऊल थांबलं ते नेमकं तुडतुड्याच्या किडीने जाळलेल्या जागी. बांधीभर सोन्यासारखं धान आणि तेवढाच गोल वाळून तणसासारखा झालेला.

पुंडलिकराव पुढे आले. त्यांना मागे धानासाठी तालुक्यात बक्षीस मिळालं होतं, तेव्हापासून ते बांधीला पोरीसारखं जपतात. म्हणाले, "बाई, इथं नोका घेऊ. थोडं तिकडं सरका. हे आमच्या बांधीचं पीक नोहे, हे तुडतुड्याचं काम."

नत्थू ओरडला, "पुंडल्या, तुले इमा पाहिजे का नाक पाहिजे, ते आधी ठरव!"

सगळे हसले. तुकड्यात पीक कमी भरलं तरच विमा मिळतो. पुंडलिकराव म्हणाले, "तू चूप रे. बाहेरचा मानूस पाहीन तर काय म्हनन, पुंडलिकची बांधी अशी?"

बाई खुंटी ठोकत म्हणाल्या, "काका, तुडतुडा तुमच्याच गावात आला ना? का तो पाहुणा म्हणून मोजायचा नाही?"

"पण एवढासाच तर डाग आहे."

"तुमच्याकडे एवढासाच. अशा किती बांधींत आहे ते मला काय माहीत? मी डाग पाहून पाहून सरकले तर कागदावर गाव हिरवंगार. मग ज्यांचं खरंच गेलं त्यांनी कोणाकडे जायचं?"

पुंडलिकरावांनी एक वाळकी लोंब खुडली. मग बारीक आवाजात म्हणाले, "निदान लिहा तरी, की बाकीची चांगली होती."

"लिहिते ना. शेऱ्याची जागा त्यासाठीच असते." आणि त्यांनी खरंच लिहिलं, मोठ्याने वाचून दाखवलं: तुकड्यात तुडतुड्याचा प्रादुर्भाव, उरलेले पीक चांगले.

नत्थू माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "का गा केशव, तुमच्या टायमाले अशी बाई असती तर?"

तो सहज म्हणाला. त्याला काही माहीत नाही. मी मात्र धुऱ्यावरून खाली उतरलो. मी घरी कसा आलो ते आठवत नाही. घरी येऊन ही वही काढली आणि सात तारखेचं पान वाचलं.

किडकं वांगं.

त्याच दिवशी, त्याच पानावर लिहिलं आहे, त्याचा इथे संबंध नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

फोन सकाळपासून अकरा वेळा लावला. बंद. सुगतला लावला, तो ड्युटीवर. शेजारच्या ललिताबाईंच्या मोबाइलवरून आवाज पाठवला. काय बोललो ते मलाच नीट कळलं नाही.  ललिताबाई म्हणाल्या, "बाबा, एकच टिक आली. तिनं फोन उघडल्याशिवाय दुसरी नाई येत." दर तासाला जाऊन विचारलं. पाच वाजता त्या म्हणाल्या, "बाबा, टिक आली का मीच सांगीन जी तुमाले, तुमी बसा घरी."

दुपारी धुरपताला सत्त्याऐंशी सालाचं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ती तणसाची दोरी वळत होती. ऐकता ऐकता दोरी हातात तशीच राहिली.

शेवटी म्हणाली, "नत्थूभाऊजीले माहीत आहे?"

"नाई."

ती उठून गाईला पाणी पाजायला गेली. गाईला पाणी मी सकाळीच पाजलं होतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

टिक एकच आहे. म्हणून पत्र लिहिलं. नऊच्या बसने साकोलीला जाऊन स्पीड पोस्टाने पाठवलं. खिडकीवरचा माणूस म्हणाला, सोमवारपर्यंत जाईल. मी म्हणालो, शनिवार. तो म्हणाला, आजोबा, विमान आहे का माझ्यापाशी? घरी येऊन कच्च्या कागदावरून त्याची नक्कल इथे उतरवतो.

चि. रश्मीस,

तुला पत्र लिहायला उशीर झाला. तू इथे होतीस तेव्हाच हे बोलायला पाहिजे होतं. पाळीवर तू मला विचारलंस आणि मी तुला चुकीचं सांगितलं.

सत्त्याऐंशी साली पाऊस दगा देऊन गेला होता. पीक कापणीला तहसीलचे साहेब आले. आकड्याप्रमाणे खुंटी बांधीच्या वाळक्या टोकाला पडत होती, जिथे लोंब भरलीच नव्हती. मी पावलं मोजत होतो. साहेब छत्रीखाली होते, तलाठी वहीत पाहत होते. मी थांबलो नाही. बावीस पावलं आणखी चाललो, जिथे तलावाचं पाणी झिरपून धान बरं होतं, आणि तिथे खुंटी ठोकली. मला कोणी सांगितलं नव्हतं. कोणी एक विडी दिली नव्हती. साहेबासमोर गाव उघडं पडू नये एवढंच मनात होतं. साहेब म्हणाले, छान आहे तुमच्या गावाचं पीक. मी तीन दिवस आनंदात होतो.

मग त्या कापणीवरून यादी आली. आजूबाजूची गावं टंचाईत होती, आमचं नव्हतं. आमच्याकडे रोजगार हमीचं काम निघालं नाही. त्या उन्हाळ्यात अकरा घरं रायपूरकडे वीटभट्टीवर गेली. नत्थूचं घर गेलं. जाताना चौघं होते. परत आले तेव्हा तिघं होते. धाकटी पोरगी तिकडे तापाने गेली. तिचं नाव शांता होतं.

त्या साली सहा तुकडे घेतले होते. माझ्या एकाच तुकड्याने यादी बदलली असं मी म्हणत नाही. मला ते कधीच कळणार नाही. पण कळणार नाही ते माझ्याच हाताने झालं. खुंटी जागेवर असती तर निदान कळलं असतं.

तुझ्या कडेच्या पाच ठिपक्यांत तो एक असा वेगात का आहे, ते मला समजत नाही. सर म्हणतात तसा तो मागच्या दुसऱ्या कशाचा असेलही. तुझे सर खोटे आहेत असं मी म्हणत नाही, ते शिकलेले आहेत. पण तू म्हणालीस की त्या दूरच्या गावातलं दुसरं काही दिसत नाही, हेच तेवढे दिसतात. मग त्यांतला जो आपल्याला पटत नाही तोच नेमका काढला, तर उरलेल्यांनी आपल्याला पाहिजे तेच सांगितलं. काढायचाच असेल तर काढ. पण असा एक होता, आणि या कारणाने काढला, तो धरला तर वजन इतकं होतं, हे तिथेच लिही. शेऱ्याची जागा तुमच्या लेखातही असेल.

परदेशातली जागा गेली तर जाऊ दे, असं मी म्हणणार नाही. तू चार वर्षे झोप सोडली आहेस. म्हणून ते तुझं तू ठरव. मी फक्त माझा सल्ला परत घेतो.

हे पत्र शनिवारच्या आत पोचेल की नाही ते माहीत नाही. फोन तू उघडलास तर ललिताबाईंच्या नंबरवरून माझा आवाज आला आहे, तो ऐक. लेख गेला असेल तर मागून कोणाला लिहायचं ते सांग. काढून टाक असं मी म्हणालो होतो, हे त्या लोकांना माझ्या सहीने लिहून द्यायला मी तयार आहे. मराठीत चालत असेल तर.

तुझी आजी कालपासून माझ्याशी दोनच शब्द बोलली आहे. आज सकाळी ताट ठेवताना म्हणाली, "आधी नत्थूभाऊजी." म्हणून साकोलीहून परत आलो की आज संध्याकाळी तिकडेच जाणार आहे. त्याच्या ओट्यावर बसून कुठून सुरुवात करायची ते अजून कळलं नाही. मला अडतीस वर्षे उशीर झाला आहे. तुझे अजून दोन दिवस आहेत. काय केलंस ते, जसं असेल तसं, लवकर कळव.

तुझा आबाजी,
केशव